वणवा समजून घेताना

अभ्यासलेख



दरवर्षी फेब्रुवारी उजाडला की मंडळीतून आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. वर्तमानपत्रात पेटलेल्या डोंगराचा फोटो आलेला असतो आणि कुणीतरी म्हणते, "ज्या जंगलावर हे लोक जगतात, तेच जंगल ते का जाळतात? तुम्ही त्यांना समजावत का नाही?" प्रश्न कळकळीचा असतो, पण त्यात दोन गोष्टी आधीच धरून चाललेल्या असतात: जंगलातली प्रत्येक आग वाईट, आणि ती लावणारा अडाणी. या दोन्ही समजुती तपासून पाहाव्यात म्हणून हा पाठ लिहिला आहे. महिला मंडळात किंवा तरुण संघात तो दोन बैठकांत वाचता येईल. शेवटी चर्चेचे प्रश्न दिले आहेत.

१. जंगल कसे पेटते

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट आणि सातपुड्याचा खानदेशाकडचा भाग येथील जंगल मुख्यतः पानगळीचे आहे. साग, ऐन, मोह, तेंदू, पळस, चार ही तिथली झाडे. पाणी कमी झाले की ती पाने टाकून देतात आणि उन्हाळा तसाच काढतात. डिसेंबरपासून मार्चपर्यंत जमिनीवर पानांचा थर साचत जातो. सागाचे पान मोठे असते. वाळले की पापडासारखे कुरकुरीत होते आणि काडी लागताच पेट घेते. सोबत वाळलेले गवत असतेच. म्हणून वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरते.

आगीला तीन गोष्टी लागतात: जळण, हवा आणि पहिली उष्णता. पहिल्या दोन जंगलात तयारच असतात. तिसरी बहुतेक वेळा माणसाच्या हातून येते. कॅनडात किंवा कॅलिफोर्नियात शेंड्याशेंड्यावरून धावणाऱ्या आगी आपण टीव्हीवर पाहतो. आपल्याकडची आग बहुधा तशी नसते. ती जमिनीवरून पाला खात सरकते आणि ज्वाळा पुष्कळदा गुडघ्याच्या किंवा कमरेच्या उंचीच्या असतात. दुपारी वारा सुटला की ती धावते, रात्री हवेत ओलावा आला की मंदावते. चढावर मात्र ती फार वेगाने वर जाते, कारण ज्वाळा वरचा पाला आधीच तापवून ठेवतात.

अशा आगीने मोठे झाड सहसा मरत नाही. सागाची आणि पळसाची साल जाड असते. तेंदूचे खोड जळाले तरी मुळांतून नवे कोंब फुटतात. हजारो वर्षे अधूनमधून आग सोसत ही झाडे तगली आहेत. म्हणूनच वणवा विझल्यावर दुरून पाहणाऱ्याला वाटते, जंगल उभेच आहे, फार काही बिघडले नाही.

बिघडते ते गुडघ्याच्या खाली. मोहाचे, चाराचे, आवळ्याचे वर्षादोनवर्षांचे रोप आगीत टिकत नाही. काही वर्षांतून एकदा आग आली तर मधल्या काळात रोपटी उंच होतात, त्यांची साल जाड होते आणि पुढची आग ती सोसतात. पण दरवर्षी आग आली तर एकही पिढी वर येत नाही. काही गावांजवळ हे डोळ्यांनी दिसते: मोहाची जुनी डेरेदार झाडे आहेत, पण त्यांच्याखाली एकही तरुण झाड नाही. आज भरपूर फूल पडते, म्हणून कुणाला चिंता वाटत नाही. म्हातारी झाडे पडतील तेव्हा नातवंडांना वेचायला काय उरेल, हा खरा प्रश्न आहे.

दुसरे नुकसान मातीचे. पाल्याचा थर पहिल्या पावसाचा मार अंगावर घेतो आणि पाणी हळूहळू खाली सोडतो. तो जळाला की वळवाचे थेंब उघड्या मातीवर आदळतात आणि माती नाल्यात जाते. राखेमुळे थोडे दिवस गवत हिरवेगार फुटते हे खरे आहे, आणि गुराख्याला ते हवेही असते. पण राखेतून मिळते ते थोडे आणि एकदाच. पाल्यातला नत्र मात्र बराचसा धुरासोबत उडून जातो. शिवाय मोर, रानकोंबडी, टिटवी यांची अंडी जमिनीवरच असतात. पिल्लांना पळता येते, अंड्यांना नाही.

२. काडी का लावली जाते

आता कारणांकडे पाहू. सगळ्या आगी एका कारणाने लागत नाहीत.

पहिले कारण मोह. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले उत्तररात्रीपासून सकाळपर्यंत टपटप पडतात. वाळलेल्या पाल्यात ती शोधणे म्हणजे कोंड्यात तांदूळ शोधणे. म्हणून झाडाखालची जागा साफ करावी लागते. झाडून साफ करायला वेळ लागतो, जाळून पटकन होते. फुले वेचतात मुख्यतः बाया आणि मुले. भल्या पहाटे घर सोडायचे, ऊन चढेपर्यंत वेचायचे, वाळवायचे आणि मग घरचे काम. एका गावातल्या बैठकीत पाला जाळू नका असे मी सांगत होते, तेव्हा एक म्हातारी बाई म्हणाली, "बाई, माझी आठ झाडं आहेत. झाडायला दोन दिवस जातात, ते दोन दिवस रोजी कोण देणार?" तिच्या प्रश्नाला उपदेशाने उत्तर देता येत नाही. वाळलेला मोह हे त्या घरचे अन्न आहे आणि हातात पैसा नसलेल्या महिन्यांतला पैसाही आहे.

दुसरे कारण तेंदूपत्ता. बिडीला लागणारे पान एप्रिल-मेमध्ये तोडतात. झुडूप छाटले किंवा जाळले की मुळांतून नवे फुटवे येतात आणि त्यांची पाने मऊ नि मोठी असतात. छाटणीला मजुरी लागते, आगीला लागत नाही. इथे काडी कुणाच्याही हातात असो, स्वस्त पानाचा फायदा जंगलापासून लांब बसलेल्या व्यापारापर्यंत जातो. आपण दोष देतो तो मात्र फक्त काडी धरणाऱ्या हाताला.

याशिवाय शेताचे धुरे जाळताना आग सुटते. कुणी गवतासाठी लावतो, कुणी शिकारीसाठी. रस्त्याच्या कडेला फेकलेली बिडी, डांबर तापवणाऱ्यांची चूल, सहलीला आलेल्यांनी न विझवता सोडलेली शेकोटी, यांतूनही वणवे लागतात. शेवटच्या प्रकारात शहरातले आपण सगळे येतो.

३. राखलेली आग आणि सुटलेली आग

आगीशी आदिवासींचे नाते केवळ निष्काळजीपणाचे आहे असे समजणे चूक ठरेल. ठाणे, पालघर, रायगड, नाशिक या पट्ट्यात वारली, ठाकर, कातकरी, महादेव कोळी शेतकरी भातासाठी राब भाजतात. पेरणीच्या जागेवर शेण, टहाळ, पालापाचोळा आणि गवत यांचे थर देऊन वर माती पसरतात आणि पावसाआधी वारा पडलेला पाहून पेटवतात. आग वाऱ्याच्या उलट दिशेने हळूहळू जाईल अशी ती लावली जाते. तणाचे बी जळते, राख मिळते, रोप जोमदार येते. राबासाठी झाडांच्या फांद्या किती तोडाव्यात यावर मतभेद आहेत, पण आग कशी राखावी याचे ज्ञान त्यात नक्की आहे. जागा, वेळ, वारा आणि राखणारा माणूस, या चार गोष्टी ठरलेल्या असतात. वणव्यात या चारांपैकी एकही नसते.

आग पूर्ण बंद केली तर काय होते, याचे उदाहरण कर्नाटकात आहे. बिळिगिरी रंगन डोंगरात सोलिग आदिवासी पिढ्यानपिढ्या राहतात. कोरडा हंगाम सुरू होताना, गवत पुरते वाळण्याआधी, ते पाल्याला हलकी आग लावत. १९७४ मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि त्यांची फिरती शेती व आग दोन्ही बंद झाली. पुढच्या काही दशकांत घाणेरीचे, म्हणजे टणटणीचे, काटेरी रान डोंगरभर पसरले. ही वनस्पती परदेशातून बागेसाठी आणलेली. सोलिग म्हणतात, आमची छोटी आग घाणेरीची रोपे लहान असतानाच मारत असे. आवळ्याच्या झाडावर वाढणारे बांडगूळही आगीने आटोक्यात राहत असे, असे त्यांचे निरीक्षण आहे. अभ्यासकांनी पुढे या गोष्टी मनावर घेऊन तपासल्या. आज घाणेरीचे ते उंच जाळे पेटले तर आग जमिनीवर न राहता झाडावर चढते. म्हणजे छोटी आग थांबवण्याच्या आग्रहातून मोठ्या आगीचे जळण साठत गेले.

पण याचा अर्थ गडचिरोलीतही आग लावू द्यावी, असा नाही. एकाच औषधाचा एका रोग्याला तुटवडा असतो, दुसऱ्याला ते जास्त झालेले असते. बिळिगिरीत आग नाहीशी झाली हे दुखणे. आपल्याकडे अनेक ठिकाणी ती दरवर्षी, भर उन्हाळ्यात आणि राखणाऱ्यावाचून येते हे दुखणे. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखी घडली: आगीबद्दलचा निर्णय तिथे राहणाऱ्या माणसांच्या हातून गेला.

४. निर्णय हातून कसा गेला

इंग्रजांनी १८६० च्या दशकात सातपुड्यातील बोरीच्या जंगलात आगीपासून संरक्षणाचे पहिले पद्धतशीर प्रयोग केले. त्यांना इमारती आणि रेल्वेसाठी लाकूड हवे होते, म्हणून आग हा शत्रू ठरला. त्याच काळात बैगांसारख्या जमातींची फिरती शेती मोडीत निघाली. १८९० मध्ये मंडलाच्या बाजूला बैगा चक नावाचा छोटा इलाखा राखून तेवढ्यातच ती चालू ठेवली गेली. गंमत अशी की, ब्रह्मदेशात काम करणाऱ्या वनाधिकाऱ्यांनाच पुढे दिसले की ओलसर जंगलात आग पूर्ण थांबवली तर सागाची नवी रोपे येईनाशी होतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले धोरण सैल करावे लागले.

कायदा मात्र कडकच राहिला. १९२७ चा भारतीय वन अधिनियम आजही लागू आहे. त्याच्या कलम २६ नुसार राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा आहे. इतकेच नव्हे, जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली तर त्या भागातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क सरकार स्थगित करू शकते. म्हणजे आग लावली एकाने, तरी पोटाला चिमटा साऱ्या गावाच्या. त्याच कायद्याचे कलम ७९ म्हणते की जंगलात हक्क असणाऱ्यांनी आगीची खबर द्यावी आणि ती विझवायला धावावे. कर्तव्य गावाचे, मालकी दुसऱ्याची, असा हा हिशेब होता. मग दूरवर धूर दिसला तरी "साहेबाचं जंगल आहे, साहेब पाहील" असे कुणी म्हणाले तर नवल काय?

५. निर्णय परत येतो तेव्हा

२००६ च्या वनहक्क कायद्याने हा हिशेब बदलण्याची वाट उघडली. गावाला सामूहिक वनसंसाधनाचे संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क मिळाला, गौण वनोपजाची मालकी मिळाली, आणि कलम ५ ने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला.

आपल्या विषयासाठी अधिक बोलके उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावचे आहे. २०१२ मध्ये या गावाला सुमारे १००० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. मग ग्रामसभेने बसून नियम केले. त्यात एक निर्णय असा होता की तेंदूपत्ता तोडायचाच नाही. कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात आणि तेंदूची गोड फळे खायला मिळत नाहीत. हातात आलेला नगद पैसा गावाने स्वतःहून सोडला. बांबूच्या विक्रीतून त्यांना उत्पन्न मिळू लागले आणि जंगलाची राखण ते आळीपाळीने करू लागले. बाहेरून कुणी बंदी घातली नव्हती. ज्यांचे नुकसान आणि ज्यांचा फायदा, त्यांनीच दोन्ही तोलून ठरवले. आगीबद्दल इतके शहाणे पाऊल शंभर वर्षांच्या दंडातून निघाले नव्हते, ते हक्क मिळाल्यावर थोड्या वर्षांत निघाले.

सरकारी यंत्रणेची मदतही लागतेच. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांवरून आगीची ठिकाणे ओळखते आणि नोंदणी केलेल्या मोबाईलवर इशारा पाठवते. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच वरून जातो, आणि लहान आग किंवा दाट धुराखालची आग त्याच्या नजरेतून सुटू शकते. पहिल्या अर्ध्या तासात जागेवर पोहोचणारा माणूस गावातलाच असतो. खबर देण्यासाठी महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक प्रत्येकाने लक्षात ठेवावा.

६. आग आटोक्यात आणण्याच्या रीती

सगळ्यात मोठे काम आग लागण्याआधीचे. जंगलाच्या कडेने आणि वाटांच्या दुतर्फा पाला काढून रिकामी पट्टी ठेवतात, तिला जाळरेषा म्हणतात. ती १५ फेब्रुवारीपूर्वी तयार हवी. मोहाखाली पाला खराट्याने झाडून गोलाकार कडे मोकळे करावे. काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधतात. फूल जाळीवर पडते, माती लागत नाही, भाव चांगला मिळतो आणि जाळण्याचे कारणच उरत नाही. त्या म्हातारीच्या प्रश्नाला हे खरे उत्तर आहे.

आग लागलीच तर गावकरी हिरव्या फांद्यांनी कडेची ज्वाळा झोडपतात आणि पुढे पाला बाजूला सारून आगीची वाट तोडतात. समोरून उलटी आग लावण्याचे काम फक्त जाणत्यांनी करावे. विझवायला जाणाऱ्याने सुती कपडे घालावेत, नायलॉन अंगाला चिकटते. एकट्याने जाऊ नये. पाणी जवळ ठेवावे. पेटत्या आगीच्या वरच्या उतारावर कधीच थांबू नये. अडकल्यास पूर्ण जळून थंड झालेला काळा भाग त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण तिथे जळण उरलेले नसते.

आपल्या तरुण संघांनी हे विशेष लक्षात घ्यावे. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहणाला गेलेली तरुण मंडळी वणव्यात सापडली आणि २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. वाळलेल्या गवताचा उतार आणि वारा, एवढे पुरे झाले. फेब्रुवारी ते जून या काळात शिबिर जंगलात नेऊ नये, नेल्यास शेकोटी नको.

७. आपण काय करू शकतो

याकोबाच्या पत्रातील तिसऱ्या अध्यायात जिभेला रान पेटवणाऱ्या ठिणगीची उपमा दिली आहे. वणव्याच्या बाबतीत ती दुहेरी लागू पडते. "आदिवासी जंगल जाळतात" हे एक वाक्य वर्षानुवर्षे गावागावांवर संशय पेटवत आले आहे. त्यावरून गावकऱ्यांवर गुन्हे दाखल होतात, वनोपज बंद होते आणि वनहक्काचे दावेही लांबणीवर पडू शकतात. म्हणून आपले पहिले काम बोलण्याचे आहे: कोणती आग, कोणत्या कारणाने, कोणाच्या फायद्यासाठी, हे विचारल्याशिवाय दोष न देणे.

दुसरे काम देणगीच्या वेळेचे. वणव्याची बातमी आल्यावर एप्रिलमध्ये येणाऱ्या मदतीपेक्षा डिसेंबर-जानेवारीत आलेली मदत मोलाची असते. तेव्हा जाळ्या, खराटे, पाण्याचे डबे घेता येतात आणि पाला झाडणाऱ्या बायांना दोन दिवसांची रोजी देता येते. तिसरे, कोणतीही वस्तू पाठवण्याआधी ग्रामसभेला विचारणे. काय हवे ते त्यांना ठाऊक असते. चौथे, सामूहिक वनहक्काचा दावा करू पाहणाऱ्या गावांना नकाशा काढणे, कागद लिहिणे, तालुक्याला खेपा घालणे यासाठी हात देणे. मंडळीतील निवृत्त शिक्षक आणि कारकून हे काम उत्तम करू शकतात.

आग आदिवासींच्या चुलीत आहे, राबात आहे आणि पूर्वी डोंगराच्या पाल्यातही होती. ती राखण्याचे ज्ञान त्यांच्याकडे आहे. ते ज्ञान वापरण्याचा हक्क आणि त्यासाठी लागणारी दोन दिवसांची सवड त्यांना मिळाली, तर मोहाखाली पुन्हा रोपटी दिसतील.

चर्चेसाठी प्रश्न

१. राबाची आग आणि वणवा यांत कोणते चार फरक आहेत? आपल्या परिसरात "राखलेली आग" कुठे दिसते?

२. "दोन दिवसांची रोजी कोण देणार?" या प्रश्नाला आपली मंडळी काय उत्तर देईल?

३. पाचगावने उत्पन्न सोडण्याचा निर्णय घेतला. बंदीने जे झाले नाही ते हक्काने का झाले असावे?

४. तेंदूपत्त्याच्या आगीचा फायदा कोणाकोणापर्यंत पोहोचतो? त्या साखळीत आपण कुठे आहोत?

५. येत्या डिसेंबरपूर्वी आपला गट कोणते एक काम हाती घेऊ शकेल? नाव आणि तारीख लिहून ठेवा.